लाज कुणाची? : छायाचित्रांविषयी थोडेसे



नभोवाणीवरून छायाचित्रांविषयी बोलायचे म्हणजे जरा पंचाईतच आहे. मी फोटो दाखवू शकत नाही आणि तुम्ही पाहू शकत नाही. पण आजच्या विषयापुरती ही अडचण मला बरीच वाटते. कुठला फोटो दाखवायचा, कुठला नाही आणि ते कुणी ठरवायचे, याविषयीच मला बोलायचे आहे. विषय आहे स्त्रियांवर आणि मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा. जवळ मुले बसली आहेत म्हणून कुणी रेडिओ बंद करील अशी मला धास्ती आहे. कृपा करून तसे करू नका. मुलांनी ऐकू नये असे मी काही सांगणार नाही.

आधी वर्तमानपत्रातले एक चित्र डोळ्यांसमोर आणा. अशा अत्याचाराची बातमी आली की तिच्या शेजारी ते असतेच. अंधारी खोली. कोपऱ्यात एक मुलगी बसलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, डोके गुडघ्यांत घातलेले, केस मोकळे सुटलेले. कधी तिच्यावर एका मोठ्या पंजाची सावली पडलेली असते. खाली बारीक अक्षरांत छापतात, 'प्रातिनिधिक छायाचित्र'. मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत असे. त्यामुळे चित्र दिसले की त्याला प्रश्न विचारायची मला खोड आहे. या चित्रात तोंड कुणी लपवले आहे? ज्याने गुन्हा केला त्याने? छे, तो तर चित्रात नाहीच. फार तर त्याची सावली आहे. तोंड लपवून बसली आहे ती मुलगी. सकाळच्या चहाबरोबर वर्षानुवर्षे हे चित्र पाहिले की डोळ्यांना एक सवय लागते. असं काही घडलं की मान खाली घालायची ती तिनंच, हे कुणी न शिकवताच आपण शिकतो. वर्गातली पोरेही शिकतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या तालुक्यात एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. लोक खवळले, मोर्चा निघाला, ते योग्यच होते. पण चौकात फ्लेक्सचा फलक लागला आणि त्यावर त्या मुलीचा फोटो! शाळेच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्या, पांढरी कॉलर. 'आमच्या ताईला न्याय मिळालाच पाहिजे' असा मजकूर. दुपारपर्यंत तोच फोटो मोबाईलवर फिरू लागला. आम्हा शिक्षकांच्या गटावरही आला, खाली हात जोडल्याच्या खुणा. आणि मी, तीस वर्षे चित्रे पाहायला शिकवणारी बाई, मीही तो फोटो चार ठिकाणी पुढे पाठवला. मनात कळवळा होता, दुसरे काही नव्हते.

पाच-सहा महिन्यांनी त्या मुलीची आई मला बाजारात भेटली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा पाठवलात. माझ्या भावाच्या मोबाईलवर तुमच्या नंबरावरनं आला." मुलीची शाळा सुटली होती. नव्या गावी मामाकडे ठेवली, तर तिथल्या पोरांच्या मोबाईलमध्ये ती आधीच पोचली होती. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या बाईने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

मी केले तो गुन्हा होता, बरं का. शिक्षकांनी हे नीट लक्षात घ्यावे. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविषयीचा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याच्या २३ व्या कलमाने मुलाचे नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, एवढेच काय, शाळेचे नाव आणि वस्तीसुद्धा प्रसिद्ध करायला मनाई आहे. मोठ्या स्त्रियांसाठीही तशी मनाई आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. २०१८ साली जम्मू भागातल्या एका बालिकेचे नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक वृत्तसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. ती मुलगी जिवंत नव्हती, तरीसुद्धा. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मृत्यूनंतरही ओळख उघड करायची नाही, आणि तशी खरोखरच गरज असेल तर सत्र न्यायाधीशांची परवानगी घ्यावी.

हा नियम आला कुठून? त्याची मुळे आपल्याच विदर्भात आहेत. १९७२ सालच्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर झटापटीच्या जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे कारण निकालात होते. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. १९८० साली मुंबई, दिल्ली, नागपूर अशा ठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने ते धरून चालावे असे ठरले, आणि नाव छापण्यावर बंदी आली ती याच दुरुस्तीने. यातला विपर्यास पाहा. ज्या मुलीमुळे इतरांची नावे झाकली गेली, तिचे स्वतःचे नाव मात्र त्या खटल्याचे नाव होऊन बसले. आजही पुस्तकांत ते तसेच छापतात. मी ते इथे घेत नाही.

म्हणजे फोटो दाखवूच नये, झाले, असे कुणी म्हणेल. माझेही काही दिवस तसेच मत होते. पण मग त्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या चित्राचे काय? चेहरा झाकणे वेगळे आणि लाज वाटून तोंड लपवणे वेगळे. पहिल्यात तिचे रक्षण आहे, दुसऱ्यात तिचाच गुन्हा असल्यासारखे आहे. हा फरक दिसेल असा फोटो काढता येतो का? जगात काही बायकांनी यासाठी कॅमेरा हातात घेतला. त्यातली दोन-तीन कामे सांगते.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात २०११ सालच्या ऑक्टोबरात ग्रेस ब्राऊन नावाच्या मुलीने एक उपक्रम सुरू केला. ती एकोणीस वर्षांची होती आणि फोटोग्राफी शिकत होती. एका मैत्रिणीने आपल्यावर घडलेला प्रकार तिला सांगितला. अशा हकिकती तिने आधीही ऐकल्या होत्या. तिला सुचले ते इतके साधे होते की आपल्याला नवल वाटावे. अत्याचार सोसलेल्या माणसाने एक मोठा कागद घ्यायचा. अत्याचार करणारा त्या वेळी जे बोलला होता ते वाक्य त्यावर स्वतःच्या हाताने लिहायचे. कागद छातीशी धरून उभे राहायचे, आणि ग्रेस फोटो काढणार. बस्स, एवढेच. या उपक्रमाला तिने 'प्रोजेक्ट अनब्रेकेबल' असे नाव दिले, म्हणजे न मोडणारे. आधी ओळखीची माणसे आली, मग अनोळखी येऊ लागली. विद्यापीठांतून तिला बोलावणी आली, आणि पुढे लोक आपापले फोटो काढून पाठवू लागले. त्यांत पुरुषही होते, हे मुद्दाम सांगते. मुलांवरही अत्याचार होतो, पण आपण त्याचा उच्चार करत नाही.

ते कागद मी संगणकावर बराच वेळ वाचत बसले होते. मला वाटले होते भयंकर धमक्या असतील. काही होत्या. पण पुष्कळ कागदांवर गोड बोलणे होते. 'हे आपल्या दोघांतलं गुपित', 'तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून', 'तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार' अशा धर्तीची वाक्ये. ही अनोळखी गुंडाची भाषा नव्हे. ही काका, शेजारी, शिकवणारा, ठरलेला नवरा यांची भाषा आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे हेच सांगतात. नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. आकडा आपण वाचतो आणि विसरतो. हाताने लिहिलेले वाक्य विसरत नाही. काही कागदांवर तर अत्याचाऱ्याचे नव्हे, नंतर भेटलेल्या माणसांचे बोलणे होते. पोलिसाचे, मित्राचे, घरच्यांचे. ते वाचताना मला बाजारातली ती बाई आठवली.

त्या फोटोंत मला काय नवे दिसले ते माझ्या पद्धतीने सांगते. पोलीस आरोपीचा फोटो काढतात तेव्हा त्याच्या हातात पाटी देतात. पाटी ज्याच्या हातात तो गुन्हेगार, असे आपल्या डोळ्यांना माहीत असते. इथे पाटी धरली आहे ती निरपराध माणसाने, पण पाटीवरचे शब्द गुन्हेगाराचे आहेत. इतकी वर्षे ते शब्द तिच्या पोटात होते, आता ते बाहेर कागदावर आले. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून कागदावर जाते आणि तिथेच थांबते. काहींनी तोच कागद तोंडासमोर धरला आहे, चेहरा दिसत नाही. तरी ते तोंड लपवणे वाटत नाही. उभे राहायचे की नाही, चेहरा दाखवायचा की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले होते.

या पद्धतीत धोका नाही असे मात्र मी म्हणणार नाही. विसाव्या वर्षी धीर करून उभी राहिलेली मुलगी तिसाव्या वर्षी म्हणेल, आता तो फोटो नको. संगणकाच्या जगात एकदा गेलेला फोटो परत बोलावता येत नाही. आपल्याकडे सज्ञान स्त्रीने लेखी परवानगी दिली तर तिचे नाव प्रसिद्ध करता येते, कायदा तेवढी वाट ठेवतो. पण गावात राहणाऱ्या बाईने ती वाट घ्यावी असा आग्रह शहरातल्या कुणी धरू नये. ज्याला तिथे नांदायचे आहे त्यालाच तिथली हवा माहीत.

ठरवायचे कुणी, या प्रश्नावर दिल्लीच्या शीबा छाछी यांचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. १९८० च्या सुमारास दिल्लीत हुंडाबळी आणि बलात्कार यांविरुद्ध मोर्चे निघत होते. छाछी स्वतः त्या चळवळीत होत्या आणि फोटोही काढत होत्या. वळलेल्या मुठी, ओरडणारी तोंडे, फलक. असे फोटो गाजतात. पण त्यांचे समाधान होईना. ओरडणारी बाई एवढीच काय ती बाई? फोटो काढणारा ठरवणार आणि ती नुसती सापडणार? मग त्या आपल्याच सोबतिणींकडे पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, तुझा फोटो कसा काढू ते तू सांग. कुठे बसायचे, जवळ कोणत्या वस्तू ठेवायच्या, कॅमेऱ्याकडे कसे पाहायचे, सगळे तिने ठरवायचे. सत्याराणी चढ्ढा यांची मुलगी १९७९ साली सासरी जळून गेली होती. १९८० च्या निदर्शनातला त्यांचा एक फोटो आहे, आणि दहा वर्षांनी, १९९० साली, सर्वोच्च न्यायालयापाशी त्यांच्या इच्छेप्रमाणे काढलेला दुसरा. दोन्हींत बाई तीच आहे. पहिल्यात ती कॅमेऱ्याला सापडली, दुसऱ्यात तिने कॅमेऱ्याला बोलावले. सात स्त्रियांच्या अशा फोटोंचा तो संच आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांतून पाहायला मिळतो.

चेहऱ्याशिवायही काम होते. बंगळूरला जास्मिन पथेजा यांनी २००३ साली 'ब्लँक नॉइज' हा उपक्रम सुरू केला. रस्त्यात छेड काढली गेली तेव्हा अंगावर जो कपडा होता तो घेऊन या, असे आवाहन त्यांनी स्त्रियांना केले. कपडे आले ते आपल्या घरातल्या दोरीवर वाळत असतात तसेच, रोजचे. 'तिने कपडे कसे घातले होते?' हा प्रश्न आपल्या पारावरही निघतो. तो विचारणाऱ्याला हे कपडे दाखवावेत.

हे सगळे ऐकून आमच्यासारख्या शाळेत काय करावे, असा विचार मी करत होते. वाट सापडली ती चीन देशातून. तिथल्या युन्नान प्रांतात १९९२ च्या सुमारास कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी खेड्यांतल्या ६२ बायकांच्या हातात साधे कॅमेरे दिले. विषय अत्याचाराचा नव्हता, आरोग्याचा आणि रोजच्या जगण्याचा होता. बायकांनी आपापले दिवस टिपले आणि मग एकत्र बसून प्रत्येक फोटोवर बोलल्या. शेताच्या बांधावर एकटी सोडलेली लहान मुले फोटोंत दिसली, तेव्हा अधिकाऱ्यांना ती अडचण दिसली. बोलून सांगितले असते तर दिसली असतीच असे नाही.

एका माजी विद्यार्थ्याने मला जुना डिजिटल कॅमेरा दिला होता. नववीतल्या मुलींचे तिघीतिघींचे गट केले. सांगितले, गावात जिथे तुम्हांला भीती वाटते किंवा नको वाटते ती जागा टिपा. नियम एकच, ओळखू येईल असे माणूस फोटोत नको. यामागे बाजारातली ती भेट होती, हे मुलींना माहीत नव्हते. मुलग्यांनाही वेगळा कॅमेरा द्यायला हवा होता. ते मला तेव्हा सुचले नाही, ही माझी उणीव.

फोटो आले. एसटीच्या थांब्यामागची भिंत. उसाच्या फडातून ओढ्याकडे जाणारी पायवाट. खांबावरचा गेलेला दिवा. एका दुकानापुढचा कट्टा, रिकामा, सकाळी लवकर जाऊन टिपलेला. मुलींना विचारले, रिकाम्या कट्ट्याची भीती कसली? तर म्हणाल्या, "बाई, तो रिकामा कधी नसतोच. म्हणून तर पाच वाजता गेलो." हे फोटो शाळेच्या भिंतीवर लावले, मग ग्रामसभेत नेले. एक बुजुर्ग म्हणाले, "हे बाहेर गेलं तर गावाची बदनामी होईल." म्हणजे लाज पुन्हा दाखवणाऱ्याचीच! पण सरपंचबाईंनी फोटो हातात घेऊन एकेक नीट पाहिला. दिवा पंधरा दिवसांत लागला. वाटेवरचे गवत काढले. कट्टा आहे तसाच आहे.

एका मुलीने मात्र घरातल्या एका दाराचा फोटो काढला होता. आतल्या बाजूने. कडी निघालेली, खिळ्यांची भोके तेवढी दिसत होती. बाकीच्या मुली हसल्या, "ही कसली जागा?" मी वर्गात काही विचारले नाही. शाळा सुटल्यावर ब्रश धुवायला म्हणून तिला थांबवले. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. माणूस घरात ये-जा असणाराच होता, आणि त्याची वाक्ये त्या न्यूयॉर्कच्या कागदांवरच्या वाक्यांसारखीच होती. ते ऐकून माझ्या हातापायांतले बळ गेले.

शिक्षकांसाठी इथे थोडे सविस्तर सांगते. अशी गोष्ट कानावर आली की पोलिसांना कळवणे हे पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने बंधनकारक आहे. आधी घरच्यांना विचारू, गावात मिटवू, शाळेचे नाव जाईल, हे काही चालत नाही. न कळवणाऱ्यालाच शिक्षा आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत. मी आधी तोच लावला. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने आणि साध्या वेशात घ्यायचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे तिथे बोलता येते. मला सगळे ठाऊक नव्हते, फोनवरच्या बाईंनी सांगितले. मुलीला मात्र तेव्हा एकच वाक्य हवे होते, 'तू खरं सांगते आहेस, आणि तुझी चूक नाही.' ते मी तिला दिवसातून दहा वेळा सांगत होते.

गावाच्या भिंतीवर तो दाराचा फोटो कधीच लागला नाही. खटला संपल्यावर तिने तो परत मागितला. मी दिला, आणि माझ्याकडे होता तोही तिच्यासमोर पुसून टाकला. या हकिकतीतले गावाचे आणि काळाचे तपशील मी बदलून सांगितले आहेत. ती आता मोठी झाली आहे, नोकरी करते. आजच्या भाषणाचे ठरले तेव्हा मी तिला फोन करून विचारले, तुझ्याविषयी बोलू का? ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "बोला बाई. नाव नको. पण कडीचं सांगा, कुणातरी शिक्षकाच्या लक्षात येईल."